तिसऱ्या सत्राचा रकाना

वळसंगकर मॅडम म्हणाल्या,
सहाही सत्रं आधी कागदावर मांड, मग ये.
घरात एवढा मोठा कागद एकच,
नायनांचा ग्राफ,
लाल रेघांचा, बारीक चौकटींचा.
त्यावर ते चादरीचा मोर काढतात,
पीस पीस करत,
एक चौकट म्हणजे एक धागा.

मोराच्या अर्ध्या शेपटीजवळ
मी लिहायला घेतलं.
पहिलं सत्र: प्राचीन भारतीय शिल्प, चार क्रेडिट.
सौंदर्यशास्त्र, चार.
एक भाषा घ्यावीच लागते, पाली नाहीतर जर्मन.
पालीचा तास सकाळी सातला.
सातला मी आईला विडीची पानं कातरून देते.
म्हणजे जर्मन.

दुसऱ्या सत्रात युरोप.
चर्चची छतं मान वर करून बघायची, म्हणे.
मी एकदाच बघितलंय असं छत,
कुडलच्या देवळात, शाळेच्या सहलीला.
दगडी कमळ होतं, पाकळीला मधमाश्यांचं पोळं,
आणि सर ओरडत होते, चला चला, गाडी निघाली.
ते कमळ कुठल्या पेपरात येतं
हे तीनदा शोधलं अभ्यासक्रमात.
नाही सापडलं.

तिसऱ्यात 'वस्त्रकलेचा इतिहास', ऐच्छिक.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात:
किमान पंधरा विद्यार्थी असल्यासच.

आम्ही सहा.
मी, रब्बानी, अक्कलकोटहून येणारी भाग्यवंती,
दोघी जुळ्या बहिणी ज्या एकमेकींशिवाय काही घेत नाहीत,
आणि तौफिक, ज्याला दुपारी घरी जायचं नसतं.
कॅन्टीनमध्ये टेबलाटेबलाला जाऊन विचारलं.
कॉमर्सचा एक म्हणाला, यात मार्क पडतात का?
पडतात, म्हणाले.
मला काय माहीत!

रात्री साचे थांबले तशी गल्ली एकदम बहिरी झाली.
नायना आले, अंगावर सुताची पूस,
चष्मा कपाळावर ढकलून कागदावर वाकले.
हे काय काढलंस?
डिग्री.
रिपीट कुठंय?
रिपीट नसतो यात.
रिपीट नाही तर चादर कशी होणार?
चादर नाही करायची, नायना.

हे मी जरा जोरात म्हणाले.
आईचं सूप हलायचं थांबलं.

मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
चौथ्या सत्रावर टेकवली.
इथं सगळे धागे एकदम वर घेतलेस. तुटतील बघ की.
खरंच होतं.
चित्रलिपी, मूर्तिशास्त्र, क्षेत्रभेट, लघुप्रबंध,
सगळं एकाच रकान्यात दाटीनं बसलेलं.
संग्रहालयाचा पेपर आधीच पाचव्यात टाकलेला,
आता लघुप्रबंधही सहाव्यात ढकलला.

मग तिसऱ्यावर बोट ठेवून, तेलुगूत, हळूच:
ह्या पंधरात बाहेरचा माणूस चालतो का?
मागं बसेन. बोलणार नाही.
बारावी लागते, नायना.
त्यांनी मान हलवली,
कळलं म्हणून, की नाही म्हणून, कोण जाणे.
मग मोराकडे बघत म्हणाले,
मग मला न विचारता काय शिकवणार ह्याचं?

आई तिकडून म्हणाली, जर्मन कशाला गं.
पाली घे. पानं मी बघते.
तिच्या बोटांना तंबाखूचा पिवळा रंग,
आणि हजाराला अजून दोनशे दहा कमी.

मी जर्मन खोडलं.
खोडरबर घसरलं आणि
मोराचं एक पीस गेलं.
नायनांनी बघितलं. दिवा घालवला.

सकाळी पावणेसातला कागद गुंडाळायला उघडला,
पीस जागेवर होतं.
तिसऱ्या सत्राच्या रकान्यात
पट्टी लावून आखलेल्या पंधरा चौकटी,
सहा लाल भरलेल्या,
सातवी अर्धी.